पहिला तास

सीरमचे आकडे विचित्र आले की सगळ्यांचं लक्ष आधी यंत्राकडे जातं. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या मुलांनाही ऑटोअ‍ॅनलायझरचीच ओढ असते. मी त्यांना आधी रक्त काढण्याच्या खुर्चीपाशी उभं करते. माझ्या मते आकडा तिथेच घडतो किंवा बिघडतो.

रक्त शिरेबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि आपलं काम चालू ठेवतात. नळी तशीच खोलीत राहिली तर ग्लुकोज तासाला पाच ते सात टक्क्यांनी उतरतं. होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचं उलटं: लाल पेशी ते बाहेर सोडत राहतात, त्यामुळे ते तासाला साधारण दहा टक्क्यांनी चढतं. म्हणून त्याची नळी लगेच बर्फात जाते आणि शक्य तितक्या लवकर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरते. सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला तर पेशी फुटतात, सीरम गुलाबी दिसतं आणि पोटॅशियम, एलडीएच, एएसटी वाढलेले येतात. यंत्र तेही चोख मोजतं.

याचं महत्त्व मुलांना पटावं म्हणून मी त्यांना आपल्याच गावचा एक अभ्यास वाचायला देते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे त्यांच्या मुलांनाही वर्षानुवर्षं तपासलं. २००८ साली त्यांनी मांडलेले आकडे असे: दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी, तीस टक्के आयांमध्ये होमोसिस्टीन लिटरमागे दहा मायक्रोमोलच्या वर, आणि लाल पेशींतलं फोलेट कमी असलेली आई फक्त एक! आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, अशा जोडीची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनला होणारा विरोध सर्वांत जास्त आढळला. गरोदरपणात सरसकट फोलेट देणाऱ्या देशाला हा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. आता यातला दहाचा उंबरठा पाहा. खरं होमोसिस्टीन नऊ असलेल्या बाईची नळी गावाहून येताना दोन तास गाडीत गरम होत राहिली, तर ती अकराच्या घरात जाईल. तिच्या शरीरात काहीही बदललेलं नसेल, तरी ती त्या तीस टक्क्यांत मोजली जाईल.

आईच्या पोषणाचा हा प्रश्न उंदरांवरही तपासला गेला. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या विस्टार उंदरांवरचं पुण्याच्या आणि सिडनीच्या संशोधकांचं काम २०१५ मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’मध्ये आलं. त्या उंदरांतही बी-१२ कमी, होमोसिस्टीन जास्त, इन्सुलिन जास्त होतं, आणि दोन पिढ्या पोटभर खाऊनही ते पूर्वपदावर आलं नाही. गावातल्या आईचं रक्त आणि पिंजऱ्यातल्या उंदराचं रक्त एकाच दिशेला बोट दाखवतं, तेव्हा या कामावरचा माझा विश्वास घट्ट होतो.

पण उंदराचं रक्त म्हणजे माणसाच्या रक्ताची छोटी आवृत्ती नव्हे. अडीचशे ग्रॅमच्या उंदरात सोळा-एक मिलिलिटर रक्त असतं. एका वेळी त्यातलं फार तर दहा टक्के घ्यायचं, आणि त्यातून सीरम निघतं जेमतेम पाऊण मिलिलिटर. एवढ्यात मागाल ते सगळं बसत नाही, म्हणून काय मोजायचं ते जनावराला हात लावण्याआधी ठरलेलं हवं. घाबरलेल्या उंदराची साखर चढते. म्हणून आमच्याकडे प्रयोगाआधी काही दिवस तोच माणूस त्यांना रोज हाताळतो, आणि हे काम मी कुणालाही टाळू देत नाही. उंदराचं कोलेस्टेरॉल मुख्यत्वे एचडीएलवर असतं, त्यामुळे माणसांसाठी बांधलेलं एलडीएलचं सूत्र त्याला लावणं चूक. वाढत्या वयात अल्कलाइन फॉस्फटेज हाडांमुळेच जास्त असतं. ते पाहून यकृताला दोष देणारे प्रबंध मी वाचले आहेत आणि परतही पाठवले आहेत.

शोधनिबंधात यंत्राच्या मॉडेलला हमखास एक ओळ मिळते. रक्त किती वाजता काढलं, सेंट्रिफ्यूजमध्ये कधी गेलं, उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये किती काळ राहिलं आणि किती वेळा वितळलं, यालाही तेवढीच जागा मिळायला हवी. परीक्षक म्हणून माझ्याकडे हस्तलिखित येतं तेव्हा मी आधी हेच विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचे तक्ते उघडत नाही.