वरच्या मजल्यावरची पुढची जागा

दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेला लागून असलेली जागा मला लहानपणापासून हवीहवीशी वाटत आली आहे. आम्ही ग्रँट रोडला चाळीत राहायचो, वडील गिरणीत कारकून. सुट्टीत फिरायला जायचं म्हणजे बसनंच. बस पुरती थांबायच्या आत वडील म्हणायचे, “पळा वर!” आणि आम्ही भावंडं जिना चढून पुढचं बाक अडवायचो. त्या गाड्यांवर कंडक्टर दोन असत, एक खाली, एक वर. वरचा कंडक्टर पंच टिकटिकवत यायचा, तोवर आमच्या काचेवर दोन-चार फांद्या सपकन आपटून गेलेल्या असायच्या. गॅलरीत वाळत टाकलेली लुगडी, खिडकीत तांदूळ निवडणारी आजी, सगळं हाताच्या अंतरावर. तिकीट काही पैशांचं, पण त्या बाकावर बसलं की शहर आपलं वाटायचं.

पुढे नोकरीची वर्षं लोकलमध्ये गेली. लेकीला मात्र मी मुद्दाम दुमजलीत बसवून मरीन ड्राइव्ह दाखवला.

निवृत्तीनंतर एकटीनं लंडनला जायचं ठरवलं, तेव्हा घरच्यांना खर्चाची धास्ती वाटली आणि ती रास्त होती. पौंडाला शंभराहून जास्त रुपये मोजायचे. हॉस्टेलात सामाईक खोलीतली एक खाट घेतली, जेवण सुपरमार्केटातल्या सँडविचवर भागवलं. वेस्टमिन्स्टर ॲबीचं तिकीट तीस पौंडांच्या घरात, म्हणून ती बाहेरूनच पाहिली. पण बसचं भाडं पावणेदोन पौंड होतं, आणि तेवढ्यात तासाभरात हव्या तितक्या बस बदलता येतात. तिथल्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. कार्ड टेकवायचं आणि जिना चढायचा.

माझी लाडकी बस २४ नंबरची, पिम्लिको ते हॅम्पस्टेड हीथ. पहिल्या थांब्यावरून चढलं की पुढची जागा हमखास मिळते. पार्लमेंट मागे पडतं आणि व्हाइटहॉल सुरू होतो. तिथल्या पुतळ्यांकडे रस्त्यावरून मान वर करून बघावं लागतं, बसमधून ते जवळजवळ नजरेच्या पातळीवर येतात. मग ट्रफाल्गर चौक. तिथली नॅशनल गॅलरी फुकट. पुढे थोडं चाललं की ब्रिटिश म्युझियम, तेही फुकट, १७५९ साली दारं उघडली तेव्हाही. तिथून उत्तरेला कॅम्डन. कॅम्डनला उतरून मी पायी १०, किंग हेन्रीज रोड गाठला.

त्या घरात १९२१-२२ साली बाबासाहेब आंबेडकर राहत होते. सिडनॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज, एवढ्या बळावर ते पुन्हा लंडनला आले होते. पै-पैचा हिशोब करत, अर्धपोटी राहून ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचत बसत. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ साली लंडनमध्येच छापला गेला. ते घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेतलं, आज तिथे स्मारक आहे. दारावरच्या निळ्या पाटीसमोर मी बराच वेळ उभी राहिले. या शहरात पोटभर जेवण त्यांना परवडत नव्हतं, पण जगातल्या उत्तम ग्रंथालयात त्यांना खुर्ची मिळाली. शहर महाग असो; रिकाम्या खिशाच्या माणसासाठी त्यानं काय काय खुलं ठेवलंय, यावर मी त्याचा मोठेपणा ठरवते.

मुंबईही आता महागच आहे. आपल्याकडे दुमजली बस १९३७ साली आली आणि जुनी शेवटची १५ सप्टेंबर २०२३ रोजी थांबली. नव्या विजेवरच्या वातानुकूलित गाड्या आल्या आहेत, त्या मला आवडतात, पण त्या फारच थोड्या. शहराची बससेवा चालवणाऱ्या बेस्टच्या स्वतःच्या गाड्या घटत चालल्यात आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं. घरकामासाठी तीन ठिकाणी जाणाऱ्या बाईला हे दुप्पट भाडं रोज सोसावं लागतं. बेस्टला तोट्यातला धंदा म्हणणं मला पटत नाही. पाणी आणि दिव्यांवर होतो तसा तो शहराचा खर्च आहे. महापालिकेनं तो उचलावा, गाड्या वाढवाव्यात आणि त्यात दुमजली भरपूर असाव्यात. मुंबईकरांनो, आपल्या नगरसेवकाकडे एवढं जरूर मागा.