बँक बुडवणारे सज्जन

गेली बावीस वर्षं मी दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. संध्याकाळी कॅश दहा रुपयांनी कमी भरली तर मला घाम फुटतो आणि दहा रुपयांनी जास्त भरली तर दुप्पट फुटतो. अशा माणसाचा सर्वांत आवडता सिनेमा दरोड्याचा असावा, हे आमच्या सौ.ला अजून पटलेलं नाही. "दिवसभर नोटा बघून डोळे भरत नाहीत का?" असं ती विचारते. तिला कसं सांगणार, की त्या सिनेमातला एकही माणूस नोटा मोजताना थुंकी लावत नाही!

सिनेमाचं नाव 'ओशन्स थर्टीन'. याचं खानदान मोठं आहे. १९६० साली फ्रँक सिनात्राचा 'ओशन्स इलेव्हन' आला. २००१ साली स्टीव्हन सोडरबर्गनं तो नव्यानं काढला, २००४ साली 'ट्वेल्व्ह' आणि २००७ साली 'थर्टीन'. म्हणजे दर भागाला टोळीचा आकडा एकानं वाढतो. आमच्या शाखेत त्याच काळात दर बदलीला माणूस एकानं कमी होत गेला. 'ट्वेल्व्ह'मध्ये मंडळी युरोपात हिंडली. ते बघताना शेजाऱ्यांच्या सहलीचा अल्बम बघितल्यासारखं होतं. मजा त्यांनी केलेली असते आणि जांभया आपण देतो. तिसऱ्या भागात ती लास व्हेगासला, आपल्या गावी परत येतात आणि जिवाला बरं वाटतं.

यातल्या खलनायकाचं नाव विली बँक. काम केलंय आल पचिनोनं. त्याच्या नव्या कोऱ्या कॅसिनोचं नावही 'द बँक', आणि ती बँक उद्घाटनाच्याच रात्री बुडवायची हा कट! आता तुम्ही म्हणाल, बँकेत नोकरी करून बँक बुडवणाऱ्यांना टाळ्या काय देता? पण प्रत्यक्षात बँका बुडवणारे इतके देखणे नसतात आणि त्यासाठी एवढे कष्टही घेत नाहीत.

कष्ट म्हणजे काय, ते ऐका. कॅसिनोचं गणित तसं बी. कॉम.च्या पोराला समजेल इतकं सोपं. अमेरिकन रुलेटच्या चाकावर अडतीस घरं असतात, पण एका आकड्यावर लावून जिंकलात तर नफा मिळतो पस्तीस पट. म्हणजे सरासरीनं शंभरामागे सव्वापाच मालकाचे. तुम्ही आज जिंकाल, उद्या जिंकाल. पण बसून राहिलात की तो हिशोब पुरा करून घेणारच. जिंकलेला माणूस उठत नाही, हेच तर त्याचं भांडवल. मग त्याला उठवायचं कसं? ही मंडळी त्यासाठी खोटा भूकंप करतात! इंग्लंड-फ्रान्समधला समुद्राखालचा बोगदा खणणारं यंत्र आणून कॅसिनोखाली लावतात. ते बिघडतं, तर त्याचं भावंड आणतात. आमचं नोटा मोजायचं यंत्र बिघडलं, तेव्हा तीन पत्रं गेली आणि उत्तरादाखल एक चिंधी आली, पुसून बघा म्हणून.

आणखी एक गडी फासे बिघडवायला मेक्सिकोतल्या कारखान्यात कामगार म्हणून शिरतो आणि तिथल्या कामगारांचे हाल बघून संपच करून बसतो. चोरीला गेलेला माणूस आधी युनियनचं काम करतो! मी आमच्या युनियनचा वर्गणीदार आहे. मला भरून आलं.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. हा सगळा खटाटोप पैशासाठी नाहीच. टोळीतला म्हातारा रूबेन, म्हणजे एलियट गूल्ड, विश्वासानं या बँकेचा भागीदार होतो. बँक त्याच्याकडून हिस्सा लिहून घेतो आणि त्याला हाकलतो. रूबेनला हार्ट अॅटॅक येतो आणि तो अंथरुण धरतो. मग सगळे कामधंदा टाकून त्याच्या उशाशी जमतात.

आमचे हेड कॅशियर नाना दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. सदतीस वर्षांत न वाचता एका व्हाउचरवर सही केली नाही. आम्ही वाढदिवसाचं कार्ड पुढे केलं तरी आधी मागची बाजू बघायचे. याच नानांनी प्रॉव्हिडंट फंड एका बालमित्राच्या धंद्यात घातला आणि त्यानं पुढे केलेल्या कागदांवर न वाचता सह्या केल्या. "मित्र होता रे," एवढंच ते म्हणाले. पैसे गेले, पाठोपाठ छातीत कळ आली, आणि घरी आल्यावर नानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

आम्हीही उशाशी जमलो. चौघं, मोसंबी घेऊन. आमच्यात कुणी कुलपं उघडणारा नाही, कुणाला भूकंप करता येत नाही. एकानं वकील गाठला, एकानं अर्ज टाईप केला, शिपायानं झेरॉक्स काढल्या. वकीलपत्र महिनाभर उशाशी पडून होतं. काकू पेन पुढे करायच्या, नाना म्हणायचे, "सहीचं नाव काढू नका."

एका रविवारी मी त्यांना हा सिनेमा दाखवला. पहिला अर्धा तास ते भिंतीलाच सांगत होते, "तिजोरीची किल्ली एकट्याकडे? जॉइंट कस्टडी कुठाय?" मग वळले. मग उशीला टेकून बसले. भूकंप होऊन सगळी जनता जिंकलेला माल घेऊन पळायला लागली, तेव्हा चक्क ओरडले, "पळा रे, मोजत बसू नका!" सदतीस वर्षांत नानांच्या तोंडून 'मोजू नका' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. काकू पोहे घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

सिनेमा संपला. मी मनाशी म्हटलं, आपल्या बँकेतला निकाल काही एका रात्रीत लागायचा नाही. तारखा पडतील, कदाचित मिळेल, कदाचित नाही. नाना थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी चष्मा मागितला.

वकीलपत्र एका पानाचं होतं. वाचायला त्यांना वीस मिनिटं लागली. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, मागची बाजू कोरी असल्याची खात्री केली, आणि सही ठोकली. खाली तारीख घातली.

"पोहे गार झाले का गं?" त्यांनी विचारलं.