आठ चाकांची थ्री-ट्वेंटी

विमानांच्या नादी लागलेल्या माणसाची नजर आधी शेपटीकडे जाते. शेपटीच्या रंगावरून कंपनी ओळखायची, मग इंजिनांवरून जात. इंडियन एअरलाइन्सच्या एअरबस ए-३२०ला मात्र पायांवरून ओळखायचं. जगभरातल्या ए-३२०ला पंखांखालच्या प्रत्येक पायात दोन चाकं असतात, म्हणजे मागची मिळून चार. आमच्या हिला प्रत्येक पायात चार. मागची आठ आणि नाकाखालची दोन, एकूण दहा. एअरबसने आजवर हजारो ए-३२० बनवल्या. त्यात ही आठ चाकांची जोडणी मागून घेणारी कंपनी एकच, आपली इंडियन एअरलाइन्स.

मुंबईत ही चाकं बघायची तर कुर्ल्याच्या बाजूला जायचं. पूर्वेकडून उतरणारी विमानं घाटकोपर-जरीमरीवरून इतकी खाली येतात, की पोटाखालचे डाग दिसावेत. बोइंग ७३७ यायची, चाकं मोजावी लागायची नाहीत. मग ही यायची आणि खालून एकदम दाटीवाटी दिसायची: आखूड पाय, आणि त्यांना एकामागे एक जोड्यांनी लागलेले काळे टायर. अंगापेक्षा पाय जड. दिसायला ती कधीच डौलदार वाटली नाही, आणि खरं सांगायचं तर तेच आम्हाला आवडायचं.

या पायांचं कारण आपल्या जमिनीत होतं. विमानाचं सगळं वजन शेवटी टायरांतून धावपट्टीत उतरतं. भरलेली थ्री-ट्वेंटी सत्तर टनांच्या घरात जाते. आपल्या कितीतरी धावपट्ट्या डाकोटा आणि फोकरच्या जमान्यातल्या, त्या हलक्या विमानांच्या हिशेबाने बांधलेल्या. त्यांच्यावर सत्तर टन चार टायरांवर टेकवायचे म्हणजे डांबराची परीक्षाच. एक तर सगळ्या धावपट्ट्या जाड करा, नाहीतर वजन जास्त चाकांवर वाटून द्या. चिखलाच्या वाटेवर फळी टाकून चालतात, तसाच हा विचार. धावपट्ट्यांना पैसा आणि वर्षं लागणार होती, म्हणून फळी विमानालाच बांधून आणली.

ती फुकट आली नाही. जादा चाकं म्हणजे जादा लोखंड, जादा टायर, आणि ते वजन प्रत्येक उड्डाणात वाहून न्यायचं. मुंबई-दिल्लीच्या भक्कम धावपट्ट्यांना या पायांची काही गरज नव्हती, तिथेही ते बरोबर होतेच. हिशेबी माणूस म्हणेल, हा तोट्याचा सौदा. पण ज्या विमान कंपनीला फायद्याच्या चार शहरांपुरतं उडण्याची मुभाच नव्हती, तिचा हिशेब वेगळा असणार. विमान उतरायला हवं ते जिथे माणसं आहेत तिथे. धावपट्टी कशी आहे हा नंतरचा प्रश्न.

तर ही कंपनी. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ खासगी कंपन्यांचा देशांतर्गत कारभार एकत्र करून इंडियन एअरलाइन्स सुरू झाली. वारशात डाकोटा मिळाल्या. पुढे व्हायकाउंट, फोकर फ्रेंडशिप, १९६४ मध्ये कॅराव्हेल हे पहिलं जेट, कानपूरला बनलेली अ‍ॅव्हरो, मग बोइंग ७३७, आणि १९७६ मध्ये रुंद अंगाची ए-३००. त्या काळी नुसतं ‘एअरबस’ म्हटलं की हीच ए-३०० समजायची. म्हणून नंतर आलेल्या धाकटीला सगळे थ्री-ट्वेंटी म्हणू लागले. परदेशी कारखान्यांची बाकीची विमानं तिकडच्या मापाने शिवलेली होती. हिचे पाय तेवढे आपल्या मापाचे. १९८९ पासून ती येऊ लागली आणि एकूण एकतीस आल्या. ए-३२० जगातच नवी होती तेव्हा. एअर फ्रान्सने पहिली सेवा सुरू केली ती आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये.

पाय गावाकडचे, डोकं मात्र त्या काळातलं सगळ्यात पुढचं. वैमानिकासमोर दांडा नाही, बाजूला एक छोटी काठी. काठी हलवली की तारांमधून विजेचा संदेश संगणकाकडे जातो, आणि पंखावरची फळी किती हलवायची हे संगणक ठरवतो. कुठल्याही माणसाने कितीही खेचलं तरी ही विशिष्ट मर्यादेपलीकडे कलायची नाही, नाक वर करायची नाही. शिस्तीची कडक. बोलायचीही. जमीन वीसेक फुटांवर आली की कॉकपिटमध्ये तिचा खणखणीत आवाज येई, ‘रिटार्ड, रिटार्ड’, म्हणजे इंजिनाचे दांडे मागे घ्या आता. पंचवीस वर्षं विमान चालवलेल्या कॅप्टनलासुद्धा ती हे सांगायचीच.

प्रवाशांशी ती वेगळ्या भाषेत बोले. इंजिनं सुरू होत असताना पायाखालून, बरोबर मधल्या रांगांच्या खालून, कुत्रा भुंकल्यासारखा आवाज यायचा. भूऽ भूऽ, थांबून पुन्हा भूऽ. पहिल्यांदा बसलेला माणूस शेजारच्याकडे बघायचा, शेजारचा खिडकीबाहेर. सामानाच्या खणात कोणाचा तरी कुत्रा अडकलाय अशी पैज लावणारेही भेटत. आवाज खरं तर एका यंत्राचा. विमानाचे पाय, ब्रेक, पंखावरच्या फळ्या हे सगळं दाबाखालच्या तेलावर चालतं, आणि त्या तेलाच्या वेगवेगळ्या यंत्रणा असतात, हिरवी आणि पिवळी अशी त्यांची नावं. एक इंजिन चालू, दुसरं बंद, अशा वेळी दोन्हींच्या दाबात फरक पडतो. मग मधलं यंत्र जागं होतं, एकीच्या जोरावर दुसरीला ढकलतं, दाब सारखा झाला की थांबतं, फरक पडला की पुन्हा ढकलतं. हे सगळ्याच ए-३२०मध्ये आहे, आजच्या नव्यांतही. पुढच्या वेळी ऐकू आलं तर घाबरू नका.

ट्रे आठवतोय का? दार लागलं की साडीतली एअर होस्टेस यायची, हातात ट्रे, त्यात गोळ्या, बडीशेप आणि कानात घालायला कापसाचे बोळे. एकच उचलायचा संकेत होता. लहान मुलं मूठ भरायची आणि आया डोळे वटारायच्या. समोरच्या खिशात ‘स्वागत’ मासिक. तिकीट म्हणजे लांबट वही, मागे लाल कार्बन, बोटांना लाली आणणारा. या गोष्टींची आठवण काढून हळवी होणारी मंडळी मला ठाऊक आहेत, मीही त्यातलाच. पण नुसत्या हळवेपणाने या विमानाचं चित्र पुरं होत नाही.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेलं आयसी-६०५ बंगळुरूला उतरताना धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं. विमानात १४६ माणसं होती, त्यातली ९२ गेली. विमान जेमतेम दोन-तीन महिन्यांचं. चौकशीत जे पुढे आलं ते साधारण असं: उतरताना विमान अशा अवस्थेत राहिलं, की इंजिनं मंद ज्योतीवर होती आणि वेग कमी होत चालला होता. हे लक्षात येऊन इंजिनांना जोर दिला, पण मंदावलेल्या जेट इंजिनाला ताकद धरायला काही सेकंद लागतात. तेवढे सेकंद उरले नव्हते. वर सांगितलेली ती कडक शिस्त, मर्यादा ओलांडू न देणारी, तिचा या चुकीवर इलाज नव्हता. हुशार यंत्र काय करतंय हे माणसाला प्रत्येक क्षणी कळत असलं पाहिजे, हा धडा सगळ्या जगाच्या विमानोड्डाणाला त्या वर्षांत शिकावा लागला. आपण तो फार महागात शिकलो.

सरकारने सगळ्या थ्री-ट्वेंटी जमिनीवर बसवल्या. जगातली सगळ्यात नवी विमानं कित्येक महिने नुसती उभी राहिली. लोक तिला पांढरा हत्ती म्हणाले, खरेदीवरून राजकारण झालं. पुन्हा उडू लागली तोवर जमाना पालटत होता. १९९२-९३ मध्ये ईस्ट वेस्ट, दमानिया, जेट अशा नव्या कंपन्या आल्या, १९९४ मध्ये सरकारची मक्तेदारी कायद्यानेच संपली. इंडियन एअरलाइन्सचे शिकवून तयार केलेले वैमानिक तिकडे जाऊ लागले. नव्यांच्या कडक इस्त्रीच्या गणवेशापुढे, गरम जेवणापुढे ही आठ चाकांची बाई जुनाट दिसायला लागली. वयाने ती तेव्हा पाच वर्षांचीही नव्हती.

आणि तिने काम केलं. माझ्या मते हिचं मोठेपण इथे आहे, कौतुकाचे दिवस अगदी थोडे वाट्याला येऊनही. पहाटे दिल्ली, दुपारी गुवाहाटी, संध्याकाळी कोलकाता, रात्री परत. नागपूरच्या उन्हात, दाबोळीच्या पावसात. कोणी तिच्यावर गाणी लिहिली नाहीत, कॅलेंडरवर छापली नाही. ती चुकूनही कोणाचं स्वप्नातलं विमान नव्हती. बदलीच्या ऑर्डरीचं, आजारी वडिलांकडे निघाल्याचं, पहिल्या मुलाखतीचं विमान होती.

डिसेंबर २००५ मध्ये कंपनीने नाव आखडून नुसतं ‘इंडियन’ केलं आणि शेपटीवरची जुनी खूण काढून कोणार्कच्या रथचक्रावरून घेतलेलं चिन्ह आणलं. पायात दहा चाकं असलेल्या विमानाच्या डोक्यावर अकरावं चाक रंगवलं, असं आम्ही आपसात म्हणायचो. ते नाव दोनच वर्षं नीट टिकलं. २००७ मध्ये इंडियनचं एअर इंडियात विलीनीकरण झालं, आणि २०११ मध्ये उड्डाण क्रमांकापुढची ‘आयसी’ ही अक्षरंही गेली. उरलेल्या थ्री-ट्वेंटींना एअर इंडियाचा लाल-पांढरा रंग लागला. सासरचं नाव घेऊन त्या आणखी काही वर्षं राबल्या. दरम्यान धावपट्ट्या जाड झाल्या, आणि कंपनीने नवीन ए-३२० घेतल्या त्या जगासारख्याच, चार चाकांच्या. जुन्या एकेक करून उभ्या राहिल्या, सुट्या भागांसाठी उघडल्या गेल्या, भंगारात गेल्या.

एअर इंडियाच्या शेवटच्या जम्बोंपैकी ‘आग्रा’ नावाचं बोइंग ७४७ २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून अमेरिकेला, सुटे भाग करण्यासाठी, निघालं. उडाल्यावर वैमानिकाने पंख हलवून निरोप घेतला, तो व्हिडिओ घराघरांत पोहोचला, माझे डोळेही ओले झाले. जम्बोचा तो मान होताच. पण जम्बो साऱ्या जगाकडे होतं. आठ चाकांची थ्री-ट्वेंटी फक्त आपल्याकडे होती, आणि ती कधी संपली हे कोणाला कळलं नाही. शेवटच्या उड्डाणाला हार नाही, पाण्याची कमान नाही. एक अख्खं विमान नको, जागा खाईल. तो चार चाकांचा एक पाय तरी एखाद्या संग्रहालयात, उभा, टायरांसकट ठेवायला हवा. धावपट्टी सोसेना म्हणून विमानाला जादा चाकं लावून घेणाऱ्या देशाने एवढं करणं कठीण नाही.

तोवर तुम्ही एक करा. घरात १९९० नंतरचे विमानतळावरचे फोटो असतील, कोणाला सोडायला गेलेले, शिडीसमोर ओळीने उभे राहून काढलेले. माणसांच्या मागे विमानाचा पाय शोधा. बाजूने पाहताना एकच चाक दिसलं तर ते दुसरं कुठलं तरी. एकामागे एक दोन दिसली, शेपटी केशरी असली, आणि ती रुंद अंगाची ए-३०० नसली, तर तो फोटो रद्दीत देऊ नका. मागे वर्ष आणि विमानतळाचं नाव लिहून ठेवा.