पाचशे टॅगांतून आपले मोजके

ओडीडी! सध्या माझ्या डोक्यात दुसरा विषय नाही, आणि जुन्या मराठी पत्रांवर जीव असलेल्या प्रत्येकाला तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी पत्रांविषयी. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी मेणवली दफ्तरातली नागपूरविषयक पत्रं निवडून संपादित केली आणि 'नागपूर अफेअर्स'चा पहिला खंड डेक्कन कॉलेजने 1954 साली काढला. भोसल्यांच्या दरबारातल्या घडामोडी, थेट नाना फडणवीसांच्या दफ्तरात पोचलेल्या! नागपूरच्या प्रताप नगरात राहणाऱ्या माझ्यासारख्याला ही घरचीच पत्रं. ती नुसती टाइप करून भागणार नव्हतं; कोण, कुठे, कधी हे शोधता यायला हवं होतं. म्हणून मजकुराला खुणेचे टॅग लावणाऱ्या एक्सएमएलकडे वळलो आणि टीईआय (टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह) सापडलं. जगभरच्या अभ्यासकांनी 1987 पासून मिळून घडवलेला हा सामायिक स्कीमा, म्हणजे टॅगांची नियमावली. त्यात पाचशेहून जास्त टॅग! नाटकातल्या रंगसूचनेला टॅग, शब्दकोशातल्या व्युत्पत्तीला टॅग. माझ्या पत्रांना यातलं बरंचसं कधीच लागणार नाही.

आणि मग कळलं, की टीईआयची अपेक्षाच मुळी ही आहे: तुम्हाला हवं तेवढंच घ्या! ओडीडी म्हणजे त्यासाठीची एक छोटी फाइल. हे मॉड्यूल हवं, त्यातले एवढेच टॅग हवेत, या ॲट्रिब्यूटला एवढ्याच किमती चालतील, असं तिच्यात लिहायचं. 'रोमा' नावाचं साधन त्यातून नेमका आपल्यापुरता स्कीमा काढून देतं, आणि नियमांची माहितीपुस्तिकाही त्याच फाइलमधून तयार होते.

तारखेचंच बघा ना. आपल्या पत्रांत कधी शालिवाहन शकाची तिथी, कधी 'छ' लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र, कधी शुहूर सन. टीईआयच्या कालगणनेच्या ॲट्रिब्यूटमध्ये कुठलाही दुवा चालतो. मी तिथे बंद यादी घातली: शालिवाहन, राज्याभिषेक, शुहूर, हिजरी, फसली. बस्स! यादीबाहेरचं एक अक्षर पडलं की एडिटरमध्ये लगेच लाल रेघ.

दुसरा नियम स्कीमाट्रॉन या तपासणीचे नियम लिहायच्या भाषेतला: कालगणना नोंदवली की इसवी सनातली तारीख, निदान तिची अलीकडची-पलीकडची मर्यादा, दिलीच पाहिजे. हा कशासाठी? पाचगावची लढाई घ्या. तिच्यात साबाजी भोसले पडले आणि नागपूरचा कारभार मुधोजींच्या हाती आला. जानेवारी 1775. तेव्हा शके 1696 चालू होतं. त्यात 78 मिळवा, उत्तर येतं 1774! शक बदलतो चैत्रात, इसवी सन जानेवारीत; म्हणून जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या पत्रांना 79 मिळवावे लागतात. आता पत्रातली अक्षरं टॅगच्या आत जशीच्या तशी राहतात आणि रूपांतर शेजारी ॲट्रिब्यूटमध्ये बसतं. मूळ लेखनाला धक्का नाही, आणि शोधही अचूक!

पण यातली सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच. मी फक्त कमी केलंय, मनाने नवीन काहीच घातलेलं नाही आणि टीईआयला जे अनिवार्य ते काढलेलंही नाही. त्यामुळे माझ्या कडक स्कीमात उत्तीर्ण होणारी प्रत्येक फाइल अख्ख्या टीईआयमध्येही आपोआप उत्तीर्ण! मराठीचं अक्षर न येणाऱ्या परदेशातल्या अभ्यासकाच्या साधनालाही कळतं, ही तारीख, हे माणसाचं नाव, हे गाव. मी माझे स्वतःचे टॅग बनवले असते तर ही पत्रं माझ्या संगणकापुरतीच राहिली असती. स्वतःवर बंधनं घालून घेतली, म्हणून ती सगळ्यांची झाली!

पुढचा नियम आता लिहायला घेतोय. नागपूरच्या गादीवर रघूजी तीन होऊन गेले. तेव्हा व्यक्तिनामाच्या टॅगला ओळखीचा दुवा अनिवार्य करणार आहे. 1755 साली वारलेले पहिले, त्यांच्यानंतरचे दुसरे, की 1853 साली वारलेले तिसरे, हे ठरवल्याशिवाय फाइल पुढे सरकणारच नाही!