हिज्कीयाची पंधरा वर्षे आणि मामांचा स्कॅन



गेल्या रविवारी मिस्सानंतर एका काकूंनी विचारले, "तुझे मामा आता पूर्ण बरे झाले ना?" पूर्वी मी "हो, देवाची कृपा" म्हणून मोकळी झाले असते. या वेळी थांबले. का थांबले, ते आज सांगते.

माझे थोरले मामा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले. तरुणपणापासून विडीची सवय. सहा वर्षांपूर्वी लघवीच्या त्रासासाठी सोनोग्राफी केली आणि निघाले भलतेच. हृदयातून निघणारी महाधमनी पोटातून खाली जाते. तिथे तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. मामांची एका जागी ५.८ सेंटिमीटर फुगली होती. दुखत काहीच नव्हते. पण असा फुगा फुटला, तर पुष्कळदा दवाखाना गाठायलाही वेळ मिळत नाही. म्हणून पुरुषांमध्ये तो ५.५ सेंटिमीटरपर्यंत पोहोचला की डॉक्टर दुरुस्तीचा विचार करतात.

दोन वाटा होत्या. एक, पोट उघडून फुगलेल्या भागात कृत्रिम नळी शिवायची. दुसरी, जांघेतल्या रक्तवाहिनीतून घडी केलेला स्टेंट ग्राफ्ट वर सरकवायचा आणि फुग्याच्या आत उघडायचा, म्हणजे रक्त त्या नव्या नळीतून वाहते. ही पद्धत डॉ. हुआन पारोदी यांनी १९९० साली अर्जेंटिनात माणसावर प्रथम वापरली. आम्ही दुसरी वाट निवडली. चौथ्या दिवशी मामा केशवापूरच्या घरी चहा पीत बसले होते. मी चर्चमध्ये उभी राहून साक्ष दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या वर्षीचा स्कॅन चांगला आला. पुढच्या वर्षी मामांनी तारखेची आठवण केली, तेव्हा मीच म्हणाले, "मामा, देवाने बरे केले आहे. आता पुन्हा पुन्हा त्या यंत्राखाली कशाला? विश्वास ठेवा." धर्मशिक्षण देणारी भाची बोलली म्हटल्यावर मामा गप्प बसले. फाइल कपाटात गेली आणि चार वर्षे तिथेच राहिली.

शेवटी एके संध्याकाळी मामाच म्हणाले, "अगं, आम्ही डबा दुरुस्त करून, रंगवून बाहेर काढायचो, तेव्हा त्याच्यावर पुढच्या तपासणीची तारीखही रंगवायचो. त्या तारखेशिवाय डबा सोडायचा नाही. माझी तारीख कुठे आहे?"

मला उत्तर देता आले नाही. स्कॅन केला. नळीच्या वरच्या टोकाकडून रक्त झिरपत होते आणि फुगा पुन्हा वाढून ६ सेंटिमीटर झाला होता. पुन्हा जांघेतूनच जाऊन डॉक्टरांनी वर आणखी एक तुकडा बसवला. मामा वाचले. पण त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी जपमाळ हातात घेतली तेव्हा प्रथम क्षमाच मागितली.

नंतर मी या विषयावर वाचले. ब्रिटनमध्ये १९९९ पासून १,२५२ रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना झाली. पहिल्या तीस दिवसांत उघड्या शस्त्रक्रियेनंतर शंभरातले सुमारे चार दगावले, स्टेंट ग्राफ्टनंतर सुमारे दोन. पण ही आघाडी काही वर्षांत पुसली गेली. २०१६ साली पंधरा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. त्यात आठ वर्षांनंतर स्टेंट ग्राफ्टवाल्यांमध्येच मृत्यू जास्त दिसले, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे दुरुस्त केलेला फुगा पुढे फुटणे. त्या वेळचे ग्राफ्ट जुन्या बनावटीचे होते, हे खरे. तरीही निष्कर्ष तोच होता: ज्याला ही नळी बसवली, त्याची तपासणी आयुष्यभर चालू राहिली पाहिजे.

पंधरा वर्षे हा आकडा वाचला आणि हिज्कीया राजा आठवला (२ राजे २०). मरणाच्या दारात असताना तो भिंतीकडे तोंड करून रडला आणि देवाने त्याला पंधरा वर्षे वाढवून दिली. तरीही यशयाने गळवावर अंजिरांची ढेप बांधायला लावली. देवाचे वचन आणि माणसाचे औषध तिथे एकाच खोलीत होते. मी त्यांना एकमेकांविरुद्ध उभे केले होते. आणि त्या वाढीव वर्षांत हिज्कीयाने काय केले? बाबेलचे दूत आले आणि त्याने बेसावधपणे सारे भांडार उघडून दाखवले. दान मिळाले, पण राखण सुटली.

माझेही तसेच झाले. मी साक्ष दिली, पण राखण केली नाही. प्रभूने जागे राहायला सांगितले आहे, ते फक्त आत्म्यापुरते असे मी धरून चालले होते. मिळालेल्या देहाची काळजी घेणे हीसुद्धा उपकारस्तुतीच आहे.

तुमच्या घरी विडी-सिगारेट ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले, पासष्टी ओलांडलेले बाबा, काका असतील, तर एकदा पोटाची सोनोग्राफी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. ज्यांना स्टेंट ग्राफ्ट बसवला आहे, त्यांची फाइल आजच कपाटातून काढा. पुढची तारीख बघा.

आमच्या घरी ती आता कॅलेंडरवर, मामांच्या अक्षरात, लाल शाईने लिहिलेली आहे. काकूंना मी म्हणाले, "मामा बरे आहेत. पुढचा स्कॅन नोव्हेंबरात आहे, प्रार्थना करा."

प्रार्थना: हे प्रभू, तू वाढवून दिलेल्या दिवसांबद्दल तुझे आभार. ते दिवस राखायला आम्हाला जागे ठेव. आमेन.