हरायची सोय

सिंधुदुर्गातली रेडी मागे टाकली की तेरेखोलचा किल्ला. खाडीच्या आमच्या बाजूला, पण नकाशात गोव्याचा. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने इथे तिरंगा चढवला. पुढे तुरुंग ठरलेलाच. त्यानंतरच्या १५ ऑगस्टला बांद्याजवळ पत्रादेवीला पोर्तुगीजांनी नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, वीसहून जास्त माणसं गेली.

*

गोव्यात तेव्हा लग्नपत्रिकाही सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय छापता येत नसे. १८ जून १९४६ ला लोहिया मडगावात उभे राहिले ते आधी बोलण्याची, सभा घेण्याची मुभा मागायला. राज्य कुणाचं, हा पुढचा प्रश्न. आपण मात्र गोवामुक्ती म्हटलं की गोरे साहेब गेले एवढंच आठवतो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने लिस्बनच्या गोऱ्यांच्या तोंडालाही तेच कुलूप घातलं होतं.

*

बाहेरच्या फौजेने हुकूमशाही उलथली की मागे लोकशाही रुजतेच असं नाही. इराक आपण पाहिला. गोव्यात ती रुजली. भारताची फौज आली डिसेंबर १९६१ मध्ये, लष्करी गव्हर्नर कँडेथ जून १९६२ मध्ये पायउतार झाले, डिसेंबर १९६३ मध्ये मतदान. पण माझ्या लेखी खरी परीक्षा निकालाची होती. ज्या काँग्रेस सरकारने फौज पाठवली, त्या पक्षाला गोवा-दमण-दीवच्या तीसपैकी एक जागा, तीसुद्धा दमणची! गोव्यात भोपळा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं म्हणणारे बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि दिल्लीने ते मुकाट मान्य केलं. मुक्तिदात्याला पाडता येतं, हे लोकांना पहिल्याच फेरीत कळलं. कित्येक देशांत मुक्तिदाता मरेपर्यंत खुर्ची सोडत नाही. मुगाबे सदतीस वर्षं बसले, शेवटी लष्कराने उठवले.

*

मग १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला. फूल चौतीस हजारांनी हरलं. आमच्याकडच्या पुष्कळांना ते लागलं, घरटी कुणीतरी पेडण्यात नाहीतर डिचोलीत दिलेली. दोन महिन्यांनी त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. तुमचं म्हणणं नको, तुम्ही हवे. मतदार इतका बारकाईने निवडतो, हे पंडितांना उशिरा कळतं.

*

सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. पुढे तिथले राजे शिवरामराजे भोसले आमदारकीला उभे राहिले, निवडूनही आले. काल ज्याला मुजरा करायचा, तो आज मत मागायला दारात. हे स्थित्यंतर कुणी फारसं लिहून ठेवलेलं नाही. रक्त सांडलं नाही म्हणून असेल.

*

खुद्द पोर्तुगालला ही हरायची-हरवायची सोय गोव्यानंतर मिळाली. आफ्रिकेतल्या न संपणाऱ्या युद्धांना विटलेल्या तरुण अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ ला सत्ता उलथली. बरोबर वर्षाने, २५ एप्रिल १९७५ ला, निवडणूक. नव्वद टक्क्यांवर मतदान.

आणि दोन महिन्यांनी, २५ जूनच्या रात्री, आपल्याकडे आणीबाणी. लिस्बनचा सेन्सॉर गेला, दिल्लीचा आला. आमचे राजापूरचे खासदार मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात, प्रमिलाताई येरवड्यात.

इंदिराबाईंनी १९७७ ला निवडणूक का घेतली, यावर अजून वाद घालतात. घालोत. निवडणूक काय, सालाझारही घ्यायचा. बाई रायबरेलीत पडल्या आणि पायउतार झाल्या, मी गुण देईन ते त्याला. पूर्वी नाथ पैंच्या असलेल्या राजापूर मतदारसंघाने दंडवत्यांना पुन्हा पाठवलं, ते रेल्वेमंत्री झाले.

*

मार्च २०२२ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेची मुदत संपली. आरक्षणाचा वाद कोर्टात, आणि पुढची कित्येक वर्षं कारभार प्रशासकाकडे. कामं होत होती, अधिकारी सज्जनही असतील. सज्जनपणाचा मुद्दाच नव्हे. शाळेचं छप्पर गळलं की माणूस सदस्याच्या दारात जाऊन भांडतो, 'पुढच्या येळाक बघतंय तुका' असं सुनावून येतो. प्रशासकाला हे सांगून उपयोग नाही. त्याची पुढची येळ मंत्रालय ठरवतं.