झाकलेलं डोकं

कॅनडातल्या सरेत अकरा नोव्हेंबरला, युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनी, बहुतेक वेळा पाऊस असतो. कोकणातल्यासारखा कोसळणारा नव्हे. हा बारीक, भुरभुरा, कोटाच्या शिवणीतून गुपचूप आत झिरपणारा. क्लोव्हरडेलच्या युद्धस्मारकापाशी सकाळपासून माणसं जमतात, छातीवर लाल पॉपीचं फूल टोचून. अकराच्या ठोक्याला सगळं गप्प होतं आणि आजूबाजूच्या पुरुषांचे हात डोक्याकडे जातात. टोप्या उतरतात. पांढरे केस, टकलं, पोरांचे कुरळे केस, सगळे पावसात उघडे.

पहिल्या वर्षी माझाही हात लोकरीच्या टोपीकडे गेला आणि तिथेच अडला.

आठवण आजोबांची आली. ते टोपीशिवाय उंबरा ओलांडत नसत. देवळात टोपी, पंगतीत टोपी, वडीलधारं माणूस समोर आलं तर आधी टोपी सारखी करायची आणि मग वाकायचं. त्यांचं डोकं उघडं मी एकदाच पाहिलं, पणजोबा गेले तेव्हा. तेराव्याला मामांनी टोपी-उपरणं दिलं तेव्हा कुठे ते पुन्हा झाकलं गेलं. मेलेल्या माणसाचा मान राखायला इथे डोकं उघडं करतात. आमच्याकडे उघडं डोकं म्हणजे सुतक, मान द्यायचा तर ते झाकायचं. भावना एकच, हात मात्र उलट दिशेने जातात. मला हे त्या पावसात, टोपीच्या काठाशी बोटं धरून उभं असताना पहिल्यांदा नीट कळलं.

लेफ्टनंट कर्नल प्रीतमसिंग जौहल यांच्याबद्दल मी वाचायला लागलो ते या अडलेल्या हातामुळेच. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हिंदी सैन्यात होते, पुढे स्वतंत्र भारताच्या सैन्यात. निवृत्तीनंतर १९८० मध्ये कॅनडात आले आणि सरेत स्थिरावले. सैनिकाचं चरित्र एरवी हुद्द्यांच्या पायऱ्यांनी लिहिलं जातं: भरती, बढती, बदली, पदक, निवृत्ती. जौहल यांच्या आयुष्यातली सगळ्यांना ठाऊक झालेली घटना मात्र वर्दी उतरवून बराच काळ लोटल्यावर, सत्तरी ओलांडल्यावर घडली, आणि ती रणांगणावर नव्हे, एका दारात.

११ नोव्हेंबर १९९३. सरेच्या न्यूटन भागात, रॉयल कॅनेडियन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या सभागृहात, माजी सैनिक जमले होते. जौहल आणि त्यांच्याबरोबरचे शीख सैनिक पदकं लावून आले. दारात त्यांना अडवलं, कारण सभागृहात डोक्यावर काही ठेवून शिरायचं नाही असा नियम होता. लीजनवाल्यांच्या दृष्टीने तो मेलेल्या सोबत्यांचा मान. पण पगडी ही काढून खुंटीला अडकवायची टोपी नव्हे. याच पगड्या बांधून शीख पलटणी दोन्ही महायुद्धांत लढल्या. लोखंडी शिरस्त्राण घाला असा आग्रह झाला तरी त्यांनी पगडी सोडली नाही. गोळ्यांच्या माऱ्यात जी चालली ती चहाच्या टेबलाशी चालेना.

जौहल गप्प बसले नाहीत. पत्रं लिहिली, सभांतून बोलले. प्रकरण देशभर गाजलं. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९९० मध्ये, कॅनडाच्या घोडदळ पोलिसांत बलतेजसिंग ढिल्लों यांच्यामुळे पगडीला परवानगी मिळाली होती आणि त्यावरून वाद पेटलेलाच होता. १९९४ च्या राष्ट्रीय अधिवेशनात सर्व शाखांनी धार्मिक शिरोभूषणाला मुभा द्यावी हा ठराव लीजनच्या प्रतिनिधींनी नाकारला. निर्णय ज्या त्या शाखेवर राहिला. मला हे वाचताना राग येतो, आणि तो आवरावा असं वाटत नाही.

कारण इटली. मे १९४४ मध्ये कासिनोजवळ गारी नदी ओलांडताना आठव्या हिंदी डिव्हिजनच्या पायदळाला साथ होती ती कॅनडाच्या रणगाड्यांची. त्या रणगाड्यांनी आख्खा बेली पूल उचलून नदीत ढकलला आणि त्यावरून पलीकडे गेले. त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटण होती. पुढच्या एप्रिलात याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी सेनियो नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. इथून फ्रेझर नदी ओलांडली की न्यू वेस्टमिन्स्टर, तिथले अर्नेस्ट ‘स्मोकी’ स्मिथ. त्यांना तोच क्रॉस मिळाला इटलीतच, साव्हियो नदीवर, ऑक्टोबर १९४४ मध्ये. संगमनेरकडचा गडी आणि फ्रेझरकाठचा गडी, सहा महिन्यांच्या अंतराने, उत्तर इटलीच्या त्याच चिखलात.

दार बंद करण्याची ही रीत जुनी आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या नियमांप्रमाणे अधिकारी शुद्ध युरोपीय वंशाचाच हवा होता. वॉल्टर टल हा बार्बाडोसहून इंग्लंडला आलेल्या सुताराचा मुलगा. टॉटनहॅमकडून फुटबॉल खेळला, शिपाई म्हणून भरती झाला, आणि नियम डावलून मे १९१७ मध्ये त्याला सेकंड लेफ्टनंट केलं. २५ मार्च १९१८ रोजी तो फ्रान्समध्ये पडला. देह मिळाला नाही. नाव अरासच्या भिंतीवर आहे. कॅरिबियन बेटांतून आलेल्या पलटणींतल्या हजारो जणांच्या वाट्याला तर बंदुकीऐवजी मजुरीच जास्त आली. डिसेंबर १९१८ मध्ये इटलीतल्या तारांतो इथे, गोऱ्यांना मिळालेली पगारवाढ यांना नाकारली आणि दुसऱ्यांचे संडास साफ करायला लावले, तेव्हा त्यांनी बंड केलं.

आपल्या शंकरराव थोरातांच्या पिढीतल्या हिंदी अधिकाऱ्यांना सँडहर्स्टच्या लष्करी प्रशिक्षणाचं दार उघडलं, पण हिंदुस्थानातल्या कित्येक क्लबांची दारं हिंदी अधिकाऱ्यांना बंदच होती. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत थोरात, थिमय्या आणि सेन या तिघा हिंदी अधिकाऱ्यांनी एकाच ब्रिगेडमधल्या तीन पलटणी लढवल्या. त्या टेकड्यांवर त्यांना कुणी कातडीचा रंग विचारला नसेल.

जौहल २०१६ मध्ये गेले, पंचाण्णव वर्षांचे होऊन. स्कॉट रोडवरून जाताना कधी दुकानांपुढच्या बाकावर म्हातारे सरदारजी बसलेले दिसतात, काठी गुडघ्यांमध्ये, पगडी कडक. यांतला कोण कुठल्या मोहिमेवर होता कोण जाणे. विचारावंसं वाटतं, पण पाय उचलत नाही.

गेल्या वर्षी क्लोव्हरडेलला माझ्या शेजारी असेच एक आजोबा उभे होते. कोटावर चार पदकं, निळी पगडी. त्यांच्या पलीकडे एक गोरे गृहस्थ, टोपी छातीशी धरलेली. बिगुल वाजला. गोऱ्या गृहस्थांच्या टकलावरून पाण्याचे ओघळ कॉलरीत उतरत होते. सरदारजींची पगडी भिजून काळपट होत चालली होती, तरी त्यांचा हात वर कपाळाशी, सलामीत, जरा थरथरत, तसाच होता. मी माझी टोपी दोन्ही हातांनी नीट बसवली आणि मान खाली घातली.